कोर्टावरचे पोपडे

३ मार्च, सोमवार

आज कोर्टावर पाणी सोडलं. सकाळीच टँकर लावून सगळा स्लॅब भिजवला आणि ऊन चढेपर्यंत कडेच्या बाकावर बसून राहिलो. जिथे पाणी मागे राहतं तिथे खळगा. प्रत्येक डबक्याभोवती खडूने गोल काढला. एवढे गोल निघाले की व्हॉलीबॉल कोर्टाला देवी आल्यात असं वाटलं.

जुना रंग खरवडून झाला, भेगा भरून झाल्या. आता खळगे भरायचे, ॲसिडने धुवायचं, मग रंग. नांदेडातल्या या बागेतल्या कोर्टाचं काम शेठनी पहिल्यांदाच पूर्ण माझ्यावर टाकलंय. मल्लिनाथशेठ लातूरचे ठेकेदार. कपाळावर विभूती, आवाजात साखर. ‘वैजनाथ, हे काम नीट उतरलं तर लातूरची सगळी कोर्टं तुझ्याकडं. न्हाई उतरलं तर तू तुझा रस्ता बघ,’ असं हसत हसत म्हणाले. ते हसून बोलतात तेव्हा खरं बोलतात हे मला आता माहीत झालंय.

व्यंकट दिवसभर मागे मागे होता. हा इथला राखणदार, माहूरकडचा, शेठनीच ठेवलेला. गेटजवळच्या पत्र्याच्या खोलीत एकटा राहतो. अपघातात पाय मोडला होता तो अजून धड नाही, म्हणून रोज सकाळी उन्हात पाय पसरून करडईचं तेल चोळत बसतो. ‘पाणी कामून सोडायलाव सायेब? पेरणी हाय का हिथं?’ म्हणाला.  घरी येताना हसू आलं.

४ मार्च

माय दिवसभर खिडकीत. सकाळी गेलो तेव्हा तिथेच, आलो तेव्हाही तिथेच.

७ मार्च, शुक्रवार

घरात भांडण. भांडण कसलं, मी बोललो आणि ती गप्प बसली.

आबा दिवाळीनंतर गेले. शेत बटईने दिलं, गावातल्या घराला कुलूप लावलं आणि मायला नायगावहून इथे माझ्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. येताना तिने काय आणावं? दोन लुगडी, आबांची धोतरं आणि तुरीचं पोतं. धोतरं कशाला, ते तिलाच ठाऊक. पोतं मात्र येता-जाता पायात येतं. अंगठा आपटला तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, विकून टाकू, दुकानात हवी तेवढी डाळ मिळते.

‘त्यायनं पेरलेली हाय,’ माय म्हणाली. ‘आता पुन्हा त्यायच्या हातची कुठून येणार? डाळ मीच करीन.’

कुठे करणार? तुरीला तेल-पाणी चोळायचं, दिवस-दिवस उन्हात घालायची, मग भरडायची. गच्चीवर घरमालक पाय ठेवू देत नाही. म्हटलं, लातूरला जाईन तेव्हा तिथल्या मिलमध्ये टाकतो.

‘मिलमधी कुणाची तूर कुणाला मिळती रे बाबा.’

 नंतर पोत्यावर हात ठेवून बसून राहिली. मला तिचा राग आला आणि रागाचा राग आला. शिल्पा घर सोडून गेली त्याला आता तीन वर्षं होतील. या घरात दोन माणसांनी कसं राहायचं हे मी तेव्हाच विसरून गेलो असणार.

९ मार्च, रविवार

ॲसिड मारलं, दोनदा धुतलं. कोर्ट असं झालंय की त्यावर जेवायला बसावं. एक खडा नाही, एक भेग नाही. पाणी सोडून पुन्हा पाहिलं, कुठे वाटीभरसुद्धा साचलं नाही. माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट सध्या सपाट आहे.

दुपारी माय डबा घेऊन आली. पहिल्यांदाच आली. कडेला चपला काढल्या. कोर्टावर चपला चालत नाहीत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आपलं आपणच काढल्या. अनवाणी मधोमध गेली, वाकली, तळहात फिरवला. ‘खळ्यावानी केलंस रे वैजा,’ म्हणाली. आबा दरवर्षी खळं सारवायचे तेव्हा अशीच बघायची ती. मला एकदम भरून आलं. काही दाखवलं नाही. जेवण चांगलं झालंय, एवढं म्हणालो.

व्यंकटला तिने अर्धी भाकरी दिली. दोघं गेटपाशी बराच वेळ बोलत होते. घरात माझ्याशी महिन्यात बोलली नसेल तेवढं तिथे बोलली.

१० मार्च

रंगाचे डबे हैदराबादला अडकलेत. शेठ म्हणाले, तिथे बसून काय करतोस, लातूरला ये, इथल्या कोर्टांची मापं घे. म्हणजे दिवस वाया जाणार. कोर्ट तयार आणि वर रंग नाही!

व्यंकटला बजावून सांगितलं: खेळणारी पोरंपोरी, कुत्री, कोणीही कोर्टावर जाता कामा नये. आणि माय एकटी आहे, तिला काय हवं-नको ते बघ.

‘हाव सायेब. दोनी बघतो.’

१३ मार्च, लातूर

आज होळी. शेठच्या ऑफिसमागच्या खोलीत मुक्काम. बाहेर पोरं बोंबलत होती. खाली जायची इच्छा झाली नाही.

दिवसभर मापं घेतली. इथली कोर्टं नांदेडपेक्षा वाईट. एका बागेत बास्केटबॉलच्या रिंगखाली बाभूळ उगवलीय, चांगली कमरेएवढी. तरी मला ती कोर्टं हवी आहेत. हे काम मिळालं तर निदान वर्षभर डोकं कुठेतरी गुंतलेलं राहील. रिकाम्या डोक्याचं मला भय वाटतं.

मायला फोन केला. काय करतेस? ‘काय करू? हाय की. ऊन लई चांगलं पडून राहिलंय.’ मग म्हणाली, ‘ही पारवी लई तरास देऊन राहिलीत.’ खिडकीची जाळी तुटली आहे, पारवे आत येत असणार. आल्यावर बसवतो म्हणालो. ‘आबाची आठवण आली का रं तुला आज?’ असं विचारलं तिने. मी म्हणालो, रेंज नाही, उद्या करतो.

रेंज होती.

१६ मार्च, लातूर

फोन करायचा राहिला.

२० मार्च, गुरुवार

नांदेडला आलो. माय काळवंडल्यासारखी दिसली, पण चेहऱ्यावर तरतरी. बहुतेक बागेत जाऊन बसत असेल, चांगलं आहे. जाळी बसवली. ती म्हणाली, ‘आता कशाला?’ नेहमीचंच.

कोपऱ्यातलं पोतं दिसलं नाही. देऊन टाकलं असेल कुणाला. विचारलं तर पुन्हा आबांचं निघेल, म्हणून विचारलं नाही. चालायला जागा झाली हे खरं.

कोर्ट बघून आलो. व्यंकट झाडू मारत होता. जसं ठेवून गेलो तसंच आहे. ‘एक चिटपाखरू येऊ दिलं न्हाई,’ म्हणाला आणि का कोण जाणे, हसला.

२२ मार्च

डबे आले! टँकर मात्र आला नाही, म्हणे विहिरी आटल्या. रंगाआधी एकदा साबणाने धुवायला हवं होतं. माणसं रोजावर बोलावून ठेवलेली, शेठचा तासातासाला फोन. स्वच्छच दिसत होतं. झाडून घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि रंगाखालचा काळा थर ओढायला घेतला.

२६ मार्च, बुधवार

निळा थर झाला. आज फार दिवसांनी बरं वाटलं. पहाटे उन्हाच्या आधी काम. डब्यातून रंगाची धार सोडत जायचं आणि मागून रबरी पट्टीने ओढत न्यायचं. थांबायचं नाही, थांबलं की तिथे कायमची रेघ उठते. ओढताना डोक्यात काहीच येत नाही. शिल्पा नाही, आबा नाही, शेठ नाही.

तनुजा कुंपणाला नाक लावून उभी होती. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींची ही कॅप्टन. जिल्ह्याच्या निवडीला जायचंय, गेले दोन महिने मुली रस्त्यावर सराव करतात. ‘काका, कधी?’ पाडव्याला पट्टे मारतो म्हणालो. ‘नक्की ना?’ ‘नक्की.’ मी कुणाला नक्की म्हटल्याचं मलाच आठवत नाही.

३० मार्च, पाडवा

पट्टे मारले. चिकटपट्टी काढली तेव्हा काठ असे सरळ आले की व्यंकटसुद्धा ‘वा’ म्हणाला.

माय सकाळपासून खुशीत. भात, तूप, साधं वरण. वरण इतकं गोड लागलं की दोनदा मागून घेतलं. तिला म्हणालो, दुकान बदललंस का? पदर तोंडाला लावून हसली. ‘खा,’ म्हणाली. आबा गेल्यानंतर हसताना पहिल्यांदा पाहिलं.

७ एप्रिल, सोमवार

संपलं सगळं.

मुलींनी परवापासून खेळायला सुरुवात केली होती. आज संध्याकाळी तनुजा माझ्याकडे आली. तळहातावर निळा तुकडा, पापडासारखा. ‘काका, हे निघालं. मी मुद्दाम नाही केलं.’ तिचा चेहरा रडवेला. जणू तिनेच मोडलं. जाऊन पाहिलं. उडी मारून पाय टेकतात तिथे फुगा आलाय आणि फुगा फाटलाय. बोट घातलं तर रंग हातभर सोलून आला.

मुलींना बाहेर काढलं. गेट लावलं. तनुजा बॉल काखेत धरून उभी राहिली फक्त. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

९ एप्रिल

सोलून काढलं. बाकी सगळीकडे रंग घट्ट, पटाशीने निघत नाही. सुटलाय फक्त मधल्या पट्ट्यात. तिथे खालचा स्लॅब किंचित काळसर. पाणी शिंपडून पाहिलं. दुसरीकडे जिरलं, डागांवर थेंब तसेच उभे राहिले. नाक लावलं. तेल! करडईचं तेल.

डाग ओळीने आहेत. लांबट, आणि प्रत्येक साधारण माणूस पाय पसरून झोपेल एवढा. एकाशेजारी एक.

करडईच्या तेलाची बाटली या बागेत कुणाकडे आहे हे मला कोणी सांगायला नको. मी लातूरला असताना अंगाला तेल चोपडून हा कोर्टावर उताणा पडत होता. ऊन सरकेल तसा सरकत होता. ‘चिटपाखरू येऊ दिलं न्हाई!’ आणि वर हसला होता. ते हसू आत्ता लिहिताना डोळ्यांसमोर येतंय.

१० एप्रिल, गुरुवार

व्यंकटला कोर्टावर उभं केलं. डाग दाखवले.

बराच वेळ बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला, म्हणजे कळलं त्याला. म्हटलं, हे तेल कुणाचं? बोल.

‘म्या न्हाई सायेब.’

मग कोण? गेटची किल्ली तुझ्याकडे. कुणाला आत सोडलंस?

तो पायाकडे बघत उभा. माझा आवाज चढला, चालायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. तेव्हा हळूच म्हणाला, ‘सायेब, एकडाव घरी इचारून या. मंग काय बोलायचं ते बोला.’

घरी! माझ्या घराचा इथे काय संबंध? माझं घर कसं आहे हे या बागेत सगळ्यांना माहीत आहे. बायको का गेली, राग कसा आहे, सगळं. चार माणसांत मला घरावरून बोलतो! मी काय काय बोललो ते लिहीत नाही. लंगड्या पायावरूनही बोललो.

तो खोलीत जाऊन बसला.

११ एप्रिल

शेठचा फोन. आवाजात आज साखर नव्हती. ‘कोर्ट पुन्हा करावं लागंल, ते करू. पण वर सांगायला मला एक नाव पायजे. तुझं सांगू का दुसऱ्या कुणाचं?’

मी दुसऱ्या कुणाचं सांगितलं. साबणाने न धुतल्याचं बोललो नाही. ते विचारलंही नव्हतं त्यांनी.

१२ एप्रिल, शनिवार

व्यंकट गेला. एक वळकटी, एक स्टोव्ह, तेलाची बाटली. माहूरला बायको देवीच्या पायऱ्यांपाशी फुलं विकते, तिच्याकडे जाणार म्हणाला. त्या पायऱ्या या पायाने कसा चढणार, असं मनात आलं. किल्ली हातात देताना म्हणाला, ‘मावशीला सांगा, येंकट येतो म्हणून.’

सांगितलं नाही. मायला काय कळणार कोर्टातलं.

१५ एप्रिल

माय: ‘येंकट दिसंना गेला, बरा हाय ना?’

गावी गेलाय म्हणालो.

‘कधी येणार?’

मला काय माहीत, म्हणालो आणि ताट सरकवलं. वरण अर्धं राहिलं. तिने ते उचलून झाकून ठेवलं. हल्ली सांडलं-उरलं काही टाकत नाही, वाटी पुसून खाते.

२१ एप्रिल, सोमवार

डागांवरचं काँक्रीट मशीनने घासून काढलं, सोड्याने धुतलं, पुन्हा भरलं. दिवसभर सिमेंटची धूळ. माणसं माझ्याशी कामापुरतं बोलतात. चहाच्या वेळी सगळे व्यंकटच्या बंद खोलीच्या सावलीत बसतात, मी बाकावर.

घासताना डाग जसजसे जात होते तसं मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एका डागाचा काठ फार सरळ होता, शेवटपर्यंत. झोपलेल्या माणसाचा काठ असा सरळ कसा येईल? घामाने, हलण्याने पसरेल की. मग म्हटलं, खाली काहीतरी अंथरलं असेल. विचार सोडून दिला.

२७ एप्रिल

निळा पुन्हा झाला. पहाटे ओढताना यावेळी डोक्यात सगळं येत होतं. मधोमध थांबलो आणि रेघ उठली. ती आता राहणार.

तनुजा आली नाही. निवड परवा झाली म्हणे. कुणाची झाली, कुणाची नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

२ मे, शुक्रवार

पास झालं! साहेब लोक आले, बॉल आपटून पाहिला, सही केली. ती रेघ कुणाला दिसली नाही. रविवारी उद्घाटन. शेठनी फोनवर पुन्हा साखर पेरली: ‘लातूर तुझं.’

घरी येऊन मायला सांगितलं. ‘आबा असते तर,’ म्हणाली. मग तिने विचारलं, ‘सगळे येणार असतील ना? कामावरचे?’ हो म्हणालो. ती उठून कपाटात काहीतरी शोधायला लागली. मी झोपलो.

३ मे, शनिवार

संध्याकाळी मायने पुढ्यात कापडात बांधलेली पुरचुंडी ठेवली. सोडून पाहिली. डाळ. तुरीची, हातची, पिवळीधमक.

‘उद्या येंकट भेटंल. त्याला दे. त्याचा वाटा हाय हा. तू लातूरला गेलतास तवा त्या पायावर पोतं उचलून नेलं त्यानं. गेट उघडून दिलं. दिवसभर पारवी हाकलीत बसायचा.’

कुठे नेलं, असं मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

‘तुझ्या खळ्यावर. घाण केली न्हाई बरं का. आबाची धोतरं घातली खाली, दुहेरी करून. येंकट म्हणत व्हता, सायेबाला इचारा. म्या म्हटलं, इचारलं तर नगं म्हणंल. करून खाऊ घालते, मंग सांगते.’

धोतरं दोरीवर वाळत होती. धुऊन धुऊन पांढरी केली आहेत, तेलाचा माग नाही.

तिला काही सांगितलं नाही. कधीच सांगणार नाही. शेठला फोन लावला, त्यांनी उचलला नाही. उद्या उद्घाटनाला नाव माझं घेतील, मी तिथे नसेन. सकाळी माहूरची गाडी आहे.